नऊ पिनांचा जुना कंट्रोलर की ड्युअलशॉक २ : दुरुस्तीला आधी कोणता घ्यावा?

गावाकडच्या घरात माळ्यावरचे खोके उघडले, तर त्यात बहुधा दोन पिढ्यांचे कंट्रोलर निघतात. एक नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमचा, नऊ पिनांच्या प्लगचा, चपटा आणि चौकोनी. दुसरा प्लेस्टेशन २ बरोबर आलेला, अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिकचा ड्युअलशॉक २. दोन्ही बंद असतील, हाताशी एक मल्टिमीटर (विजेचा दाब आणि रोध मोजायचे यंत्र) आणि एक सोल्डरिंग आयर्न (डाख द्यायची तापती सळई) एवढेच असेल आणि सुट्या भागांसाठी नागपूरला सीताबर्डी गाठावी लागत असेल किंवा कुरिअरची वाट पाहावी लागत असेल, तर पैसा आणि कष्ट आधी कशावर घालावेत, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते हा निर्णय कंट्रोलरच्या वयावरून किंवा किमतीवरून घेऊ नये. बिघाड नेमका कुठे आहे हे आधी मोजावे, कारण दोन्ही प्रकारांत जे वारंवार बिघडते ते स्वस्तात सुधारते आणि जे सुधारण्यासारखे नसते तेही तपासणीत कळून येते.

आपल्याकडे विकले गेलेले नऊ पिनांचे बहुतेक सेट १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या गेमसेटच्या नकला होत्या, आणि कंट्रोलरची रचनाही तीच. आतली चिप आठही बटणांची स्थिती एकदम टिपून घेते आणि ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे या क्रमाने एकाच तारेवरून सेटकडे पाठवते. त्यामुळे पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच (स्थिती टिपण्याचा इशारा), क्लॉक (एकेक स्थिती पाठवण्याचा ठोका) आणि डेटा एवढ्या पाच तारांत काम भागते, आणि यातच निदानाची किल्ली आहे. एखाददुसरेच बटण लागत नसेल, तर दोष त्या बटणाच्या रबरात किंवा त्याखालच्या पट्ट्यांत असतो. सगळी बटणे एकदम गेली असतील, तर तार तुटली आहे किंवा चिप गेली आहे. कंट्रोलर मध्येच चालतो आणि मध्येच बंद पडतो, असे असेल तर तारेवरच संशय घ्यावा. ती बहुतेक वेळा कंट्रोलरच्या तोंडाशी, सतत वाकून वाकून आतून तुटते, आणि उंदराने कुरतडलेली असेल तर ते वरूनच दिसते. दोन-तीन इंच कापून पुन्हा डाख दिला की काम होते. मात्र नकलांमध्ये तारांचे रंग आणि पिनांची मांडणी एकसारखी असेलच असे नाही, म्हणून तार सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सेगा या दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरचा नऊ पिनांचा प्लगही याच आकाराचा असतो. बसतो म्हणून तो या सेटला जोडू नये.

रबराची तपासणी जरा निगुतीने करावी. प्रत्येक बटणाच्या रबराखाली काळी कार्बनची टिकली असते आणि बटण दाबले की ती सर्किटवरच्या दोन पट्ट्या जोडते. मल्टिमीटर ओमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, ठेवून दोन्ही टोके त्या टिकलीवर टेकवावीत. शे-दोनशे ओम आले तर टिकली उत्तम आहे, हजाराच्या आसपास असली तरी चालते. आकडा दहा हजारांच्या पलीकडे गेला, की बटण कधी लागेल आणि कधी नाही याचा भरवसा राहत नाही. आपल्या भागात भावाची वाट पाहत कापूस घरातच भरून ठेवतात आणि त्याचे बारीक तंतू बटणांच्या फटींतून आत शिरून टिकलीला चिकटतात, शिवाय पावसाळ्यातल्या ओलीने तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. त्यामुळे खराब दिसणाऱ्या कंट्रोलरचे काम नुसत्या सफाईने होण्याची शक्यता बरीच असते. सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. घरोघरी उरलेले सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा चिकट थर मागे राहतो. थिनर आणि पेट्रोल तर प्लास्टिकच खातात. पट्ट्या तांब्याच्या असतील तर जोर लावून पुसल्या तरी चालते, पण काळ्या कार्बनने छापलेल्या असतील तर हात हलका ठेवावा, नाहीतर थरच निघून येतो. टिकलीवर पेन्सिलीचे शिसे घासण्याचा उपाय चालतो खरा, पण तो फार टिकत नाही, तेव्हा नवी रबरशीट मिळत असेल तर तीच घालावी.

चिपच गेली असेल तर मात्र अस्सल आणि नकली यांतला फरक निर्णायक ठरतो. निन्टेंडोच्या अस्सल कंट्रोलरमध्ये ४०२१ ही सर्वसाधारण चिप असते. ती स्वस्तात मिळते आणि बदलता येते. नकलेत सर्किटवर काळ्या लाखेसारखा ठिपका ओतलेला असतो आणि चिप त्याखाली कायमची बंद असते. तो ठिपका निकामी झाला, तर त्या कंट्रोलरवर आणखी वेळ घालवू नये.

ड्युअलशॉक २ ची तपासणी सोपी आहे, दुरुस्ती मात्र नाजूक. यूएसबी अडॅप्टरने तो संगणकाला जोडला, की प्रत्येक बटण आणि स्टिक पडद्यावर पाहता येते. स्टिकची स्थिती ० ते २५५ या आकड्यांत मोजली जाते आणि स्टिक सोडल्यावर आकडा १२८ च्या जवळ येऊन थांबायला हवा. हात न लावता बटणे आपोआप दाबली जात असतील, तर कंट्रोलर वाया गेला असे समजू नये. यात रबराखाली लवचिक फिल्म असते आणि तिचे टोक मुख्य सर्किटवर डाख न देता नुसत्या दाबाने बसवलेले असते. त्यामागचा फोमचा तुकडा वर्षांनुवर्षांच्या दाबाने चपटा झाला, की संपर्क ढिला पडतो. फोमवर चिकटपट्टीची घडी ठेवून दाब वाढवला, तर बहुतेक कंट्रोलर ताळ्यावर येतात आणि खर्च जवळपास काहीच येत नाही.

स्टिक मधोमध थांबत नसेल, तर आतल्या दहा किलो-ओमच्या पोटेन्शिओमीटरचा (फिरवल्यावर रोध बदलणाऱ्या भागाचा) कार्बनचा मार्ग झिजलेला असतो. काँटॅक्ट क्लीनरने काही दिवस बरे वाटते. खरा उपाय म्हणजे पूर्ण स्टिक बदलणे, आणि त्यासाठी डझनभराहून अधिक ठिकाणचा डाख शोषून काढावा लागतो. नवशिक्याने हे काम चांगल्या कंट्रोलरवर शिकू नये. वीज मध्येच जाण्याची सवय असलेल्या गावात तर ते दिवसाच्या खात्रीच्या वेळीच हाती घ्यावे, कारण अर्धवट तापलेल्या डाखावर जोर लावला की सर्किटवरची पट्टीच उपटून येते.

म्हणून माझा कौल असा. नऊ पिनांच्या कंट्रोलरमध्ये दोष रबराचा किंवा तारेचा असेल, तर आधी तोच घ्यावा, कारण ते काम एका दुपारचे आहे आणि हातही तयार होतो. ड्युअलशॉक २ मध्ये दोष फिल्मचा असेल, तर तोही लगेच करावा, आणि त्याच्या जागी बाजारातली स्वस्त नक्कल आणू नये; अस्सल कंट्रोलरमध्ये बटण किती जोराने दाबले हेही मोजले जाते आणि पुष्कळ नकलांमध्ये ती सोय नसते. स्टिकचा दोष असलेला ड्युअलशॉक मात्र तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या, डाखशोषक पंप बाळगणाऱ्या कारागिराकडे नवी स्टिक सोबत घेऊन द्यावा.

खोक्यात व्हिडिओ गेममधली बदके टिपायची बंदूक असेल, तर ती एलईडी टीव्हीवर चालत नाही म्हणून बिघडली असे ठरवू नये. तिच्यातला प्रकाशग्राही भाग जुन्या काचेच्या टीव्हीच्या लुकलुकण्यावरच बेतलेला असतो, त्यामुळे तिची परीक्षा तशाच टीव्हीवर होऊ शकते. आणि ठिपका गेलेला नऊ पिनांचा कंट्रोलर फेकण्याआधी त्याची तार, प्लग, रबरशीट आणि स्क्रू काढून डबीत ठेवावेत; दुसऱ्या कंट्रोलरला लागणारा भाग बहुतेक वेळा त्यातूनच मिळतो.