आधी नगरसेवक, झेडपी की थेट आमदारकीचं तिकीट?

राजकारणात उतरायचं पक्कं आहे पण सुरुवात कुठून करायची इथे अडलेले बरेच तरुण कार्यकर्ते आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, घरात कुणी खासदार-आमदार नसेल तर खालूनच सुरुवात करा.

विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. फडणवीस १९९२ ला नागपुरात नगरसेवक, १९९७ ला महापौर, वय फक्त २७. एकनाथ शिंदे रिक्षा चालवायचे, १९९७ ला ठाण्यात नगरसेवक झाले, २००४ ला आमदार, २०२२ ला सीएम. फडणवीसांचे वडील विधान परिषदेत होते, शिंदेंच्या घरी तसं काहीच नव्हतं, तरी शिडी दोघांची सेमच. आणि आर. आर. आबा बघा, सांगली झेडपीत बरीच वर्षं काढून १९९० ला तासगावचे आमदार झाले, पुढे ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आणलं आणि बक्षिसासाठी गावंच्या गावं हातात झाडू घेऊन उतरली, गावाला ईर्षेला कसं पेटवायचं हे झेडपीत मुरलेल्या माणसालाच सुचतं.

दुसरा रस्ता पृथ्वीराज चव्हाणांचा. बिट्स पिलानी, मग बर्कले, इंजिनिअर माणूस, १९९१ ला थेट कराडचे खासदार, नंतर पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री आणि २०१० ला मुख्यमंत्री, तोपर्यंत विधानसभेत कधी बसलेले नव्हते. अभ्यासू नेता, वादच नाही, पण आई-वडील दोघंही खासदार राहिलेले, तेव्हा हा रस्ता आपल्या दारातून जातो का ते बघा.

बाकी हिशोब सोपा आहे. नगरसेवक, झेडपीला वय २१ चालतं, आमदारकीला २५ लागतं. बायकांना स्थानिक संस्थांत ५० टक्के जागा राखीव आहेत, विधानसभेचं एक तृतीयांश आरक्षण २०२३ ला मंजूर झालं पण अजून लागू नाही. तोटेही आहेत हां, खाली दोनपेक्षा जास्त मुलांची अट आडवी येते जी आमदाराला नाही, आणि २०२२ पासून कितीतरी महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसला, त्यात तयारीच्या पोरांची उमेदीची वर्षं गेली, याचा मला खरंच राग येतो.

आणि सोडतीत तुमचा वॉर्ड रिझर्व्ह झाला तर लगेच आमदारकीच्या मागे धावू नका, त्याच शहराच्या मतदार यादीत नाव असेल तर शेजारच्या वॉर्डातूनही फॉर्म भरता येतो.