किमान वेतनवाढ या सरकारी सेवेचे परीक्षण: दर वाढतो, हातातली रक्कम किती वाढते?

सरकार किमान वेतन वाढवते, तेव्हा ते कमी पगारावर राबणाऱ्या माणसाला एक सेवाच देऊ करत असते. मालकाशी एकट्याने घासाघीस करण्याची ताकद त्याच्यात नसते, म्हणून ठरावीक दराखाली त्याचे श्रम कोणालाही विकत घेता येणार नाहीत, ही हमी राज्यसंस्था आपल्या शिरावर घेते. १८९४ साली न्यूझीलंडने लवादाच्या कायद्यातून आणि १८९६ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीने वेतन मंडळे नेमून ही वाट पाडली, आणि आज आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सुमारे ९० टक्के सदस्य देशांत अशी हमी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अस्तित्वात आहे. एवढ्या जुन्या सेवेचे मूल्यमापन मात्र बहुतेक वेळा जाहीर झालेल्या दरापाशीच थांबते. मी वेतनपत्रके तयार करण्याचे काम केले असल्यामुळे माझी कसोटी निराळी आहे. महिनाअखेरीस कामगाराच्या हातात किती पडले, ते मिळवण्यासाठी त्याला किती तास कसे राबावे लागले, आणि पुढच्या महिन्यात ते काम त्याला असेल का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच वेतनवाढ खरी की कागदावरची हे ठरते.

या सेवेवरचा सर्वांत जुना आक्षेप असा की, मजुरी महाग झाली की मालक माणसे कमी करतो, आणि ज्याच्या भल्यासाठी कायदा केला तोच आधी घरी बसतो. हा आक्षेप डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासला. १ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने तासाचा किमान दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र तो तसाच राहिला. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या एकूण ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची वाढीपूर्वी आणि वाढीनंतर पाहणी केल्यावर न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे दिसले नाही. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी वेतनपत्रकांची वेगळी माहिती वापरून या निष्कर्षाला आव्हान दिले, कार्ड आणि क्रूगर यांनी २००० साली सरकारी नोंदींच्या आधारे पुन्हा उत्तर दिले, आणि हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९७९ ते २०१६ या काळातील अमेरिकी राज्यांमधल्या १३८ वेतनवाढी एकत्र तपासल्या. नव्या दराखालच्या जेवढ्या नोकऱ्या नाहीशा झाल्या, जवळजवळ तेवढ्याच नव्या दरावर किंवा त्याच्या किंचित वर उभ्या राहिल्या, असे त्यात आढळले. कार्ड यांना २०२१ साली नोबेल पुरस्कार मिळाला. क्रूगर तेव्हा हयात नव्हते, याची मला आजही हळहळ वाटते.

नोकऱ्या का गेल्या नाहीत, हे समजून घेणे मला त्या आकड्यांपेक्षाही महत्त्वाचे वाटते. मजुरीचा बाजार भाव ठरवतो आणि मालक तो मुकाट्याने देतो, हे गृहीतक कमी पगाराच्या कामांना फारसे लागू पडत नाही. ज्या कामगाराला प्रवासखर्चामुळे दूर जाता येत नाही, ज्याच्यामागे लहान मूल किंवा आजारी आई आहे, आणि एक महिना बिनपगारी काढणे ज्याला शक्य नाही, तो दोन पैसे कमी मिळाले तरी काम सोडत नाही, आणि हे मालकाला चांगले माहीत असते. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ सालीच मालकाच्या या ताकदीचे विश्लेषण केले होते. समजा, दहा माणसे कामावर आहेत आणि अकरावा माणूस थोडा जास्त पगार मागतो. त्याला तो दिला तर आधीच्या दहांनाही द्यावा लागेल, म्हणून मालक अकरावी जागा रिकामीच ठेवतो आणि तिचा भार दहांवर टाकतो. कायद्याने सगळ्यांचाच दर वाढवला की ही अडचण उरत नाही, आणि ती जागा भरणे परवडू लागते. वेतनवाढीने रोजगार घटलाच पाहिजे असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हा हिशेब निदान एकदा मांडून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तरीही नोकरी टिकली म्हणजे पगार वाढला असे होत नाही, आणि माझ्या दृष्टीने परीक्षणाचा खरा भाग येथून सुरू होतो. वेतनवाढीची अधिसूचना निघाल्यावर वेतनपत्रकात काय घडते, ते मी जवळून पाहिले आहे. तासाचा दर १०० वरून ११५ झाला आणि आठवड्याचे तास ४८ वरून ४२ केले, तर ४,८०० च्या जागी ४,८३० येतात. दर १५ टक्क्यांनी वाढला, आठवड्याची मिळकत मात्र एक टक्काही वाढली नाही. पुसायच्या फरशा, धुवायची भांडी आणि उचलायची खोकी तेवढीच राहिली, म्हणजे सहा तासांचे काम उरलेल्या बेचाळीस तासांत कोंबले गेले. दुसरी युक्ती याहून साधी आहे. एका आस्थापनेत पूर्वी वेगळा दिला जाणारा हजेरी भत्ता मूळ वेतनात मिसळला गेला आणि अर्ध्या तासाची पगारी सुट्टी बिनपगारी झाली. पत्रकातला दर कायद्याला धरून होता, तपासणीत बोट ठेवायला जागा नव्हती, आणि तळाची निव्वळ रक्कम मागच्या महिन्याइतकीच होती. ते पत्रक हातात घेऊन जो कामगार वाढ कुठे गेली असे विचारतो, त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो आणि त्याला बहुधा कोणीही नीट उत्तर देत नाही.

अमेरिकेतील सिएटल शहराच्या अनुभवातही ही तासांची गोष्ट दिसते. २०१६ साली तेथे मोठ्या आस्थापनांसाठी किमान दर तासाला १३ डॉलरपर्यंत नेण्यात आला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या निष्कर्षानुसार कमी पगाराच्या कामांचा तासाचा दर सुमारे ३ टक्के वाढला, पण कामाचे एकूण तास त्याहून अधिक प्रमाणात घटले. अनेक शाखा असलेल्या कंपन्या या अभ्यासात धरलेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यावर टीकाही झाली आणि ती योग्यच होती. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात असे दिसले की, आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी कामगारांच्या पदरात लाभ पडला, अनुभव कमी असलेल्यांची मिळकत फारशी बदलली नाही, आणि या कामांत नव्याने येणाऱ्यांचे प्रमाण घटले. पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी ही बाब गंभीर आहे, आणि वेतनवाढीचे समर्थन करणाऱ्या माझ्यासारख्यांनी ती नजरेआड करता कामा नये.

वाढीचा पैसा शेवटी कोणाच्या खिशातून येतो, याचे चांगले उत्तर हंगेरीत मिळाले. २००० नंतरच्या दोन वर्षांत तेथे किमान वेतन २५,५०० फोरिंटवरून ५०,००० फोरिंटवर नेण्यात आले, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले. पुढे झालेल्या अभ्यासात दिसले की, या बोजापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग वाढलेल्या किमतींच्या रूपाने ग्राहकांनी उचलला, उरलेला मालकांच्या नफ्यातून गेला, आणि रोजगारातील घट लहान होती. ग्राहकाने थोडे जास्त मोजणे मला अन्यायकारक वाटत नाही, कारण आधीची स्वस्ताई दुसऱ्या कोणाच्या तरी अर्धपोटी श्रमातून आलेली होती. मात्र ज्या मालाला परदेशी मालाशी स्पर्धा करावी लागते, त्याची किंमत अशी वाढवता येत नाही, आणि हंगेरीतही रोजगाराला अधिक झळ बसली ती अशाच उद्योगांत.

मला सर्वांत दिलासा देणारा अनुभव जर्मनीचा वाटतो. १ जानेवारी २०१५ पासून तेथे तासाला ८.५० युरो हा देशव्यापी किमान दर लागू झाला, तेव्हा लक्षावधी नोकऱ्या जातील अशी भाकिते छातीठोकपणे केली गेली होती, पण तसे घडले नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कमी पगाराच्या कामगारांचे वेतन वाढले, एकूण रोजगार घटला नाही, आणि त्यांच्यापैकी बरेच जण लहान, कमी पगार देणाऱ्या आस्थापनांतून मोठ्या आणि अधिक स्थिर आस्थापनांत गेले. काहींचा कामावर जाण्याचा प्रवास लांबला, काही लहान व्यवसाय बंद पडले. ही किंमत आहे आणि ती मान्य करायला हवी. पण माणूस वाईट नोकरीतून बऱ्या नोकरीत गेला, हा लाभ दराच्या आकड्यात कधीच दिसत नाही.

आता या सेवेतील सर्वांत मोठा दोष. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२०-२१ च्या जागतिक वेतन अहवालानुसार जगभरात सुमारे २६ कोटी ६० लाख पगारी कामगारांना लागू असलेल्या किमान दरापेक्षाही कमी पैसे मिळत होते. काही ठिकाणी कायदा धाब्यावर बसवला जातो, तर काही ठिकाणी शेतमजूर आणि घरकामगार यांना मुळातच कायद्याबाहेर ठेवलेले असते. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला तासाचा दर सांगून काय उपयोग, जर दिवसाचे ठरवून दिलेले नग दहा तासांखाली पुरेच होत नसतील? कंत्राटदाराच्या हाताखालच्या माणसाने तक्रार केली तर त्याचे नाव दुसऱ्या दिवसापासून हजेरीपुस्तकात नसते, आणि मूळ कंपनी तो आमचा माणूसच नाही असे सांगून मोकळी होते. दर दुप्पट केला तरी या माणसांच्या आयुष्यात काहीही बदलत नाही.

दराची फेरआखणी हाही कळीचा भाग आहे. अमेरिकेचा संघीय किमान दर जुलै २००९ मध्ये तासाला ७.२५ डॉलर झाला आणि त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली तरी तेथेच अडकून राहिला. महागाई दरवर्षी त्यातला काही भाग गिळत गेली. ब्रिटनमध्ये १९९९ साली प्रौढांसाठी तासाला ३.६० पौंडांपासून सुरुवात झाली, आणि मालक, कामगार संघटना व तज्ज्ञ एकत्र बसतात असा कमी वेतन आयोग दराबाबत नियमितपणे शिफारस करतो. दर काही वर्षांनी निवडणुकीच्या तोंडावर एकदम मोठी वाढ जाहीर करण्यापेक्षा दरवर्षीची माफक, आधी कळवलेली वाढ कामगाराला जास्त लाभते, कारण मालकालाही तास न कापता हिशेब जुळवायला वेळ मिळतो.

वसुलीच्या बाबतीतही ब्रिटनची पद्धत मला अनुकरणीय वाटते. कमी दिलेली रक्कम सरकारी यंत्रणेमार्फत वसूल होते, दर दरम्यान वाढला असेल तर तो फरक आजच्या दराने द्यावा लागतो, वर थकबाकीच्या दुपटीपर्यंत दंड बसतो, आणि दोषी आस्थापनांची नावे जाहीर केली जातात. सगळे चोर त्यात सापडतात असे नाही, पण कामगाराला स्वतः न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. म्हणून माझी शिफारस सशर्त आहे. जेथे तासांची नोंद कामगाराच्याही हातात असते, भत्ते मूळ वेतनात मिसळायला बंदी असते, कंत्राटदाराने बुडवलेल्या पैशाला मूळ कंपनी जबाबदार धरली जाते आणि नाव न सांगता तक्रार करता येते, तेथे वेतनवाढीचे मी मनापासून स्वागत करतो. यातले काहीच नसेल, तर पुढच्या वाढीची मागणी करताना संघटनांनी त्याच निवेदनात पुरेसे निरीक्षक आणि या चारही तरतुदी मागाव्यात, आणि त्या मिळाल्याशिवाय सहीला बसू नये.