टेसचा डेटा आणि लाइटकर्व्ह : पावसाळाभर वापरल्यानंतर

टेस हा ताऱ्यांचा प्रकाश मोजून ग्रह शोधणारा नासाचा उपग्रह, आणि लाइटकर्व्ह हे त्याचा डेटा वाचायचं पायथनमधलं साधन. घाईत असाल तर एवढंच वाचा: फ्लॅटन (ताऱ्याची स्वतःची चढउतार काढून आलेख सपाट करणारी) कमांडमधली विंडो लेंग्थ, म्हणजे एका वेळी केवढा तुकडा धरायचा तो आकडा, स्वतः भरा, डीफॉल्टवर सोडू नका. इतकं चांगलं आणि फुकट साधन, आणि नवीन माणूस नेमका इथेच अडकून सोडून देतो, याचा मला खरोखर राग आहे.

पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलंही साधन आधी माहीत असलेल्या आकड्यावर तपासून घेतो. म्हणून पाय मेन्सी या ताऱ्याचा पहिला सेक्टर (टेसने आकाशाचा एक पट्टा २७ दिवस पाहिल्याचा डेटा) उतरवला. टेसच्या डेटातून सापडलेला पहिला नवा ग्रह याच ताऱ्याचा, २०१८ सालचा. ६.२७ दिवसांची फेरी, प्रकाशात जेमतेम ०.०३ टक्के घट. ग्रह तिथे आहे हे जगाला ठाऊक आहे. माझ्या आलेखात मात्र सपाट रेघ, आणि ठरावीक अंतराने येणारी घट शोधणाऱ्या बीएलएसने पुढे केलेला कालावधी भलताच.

विंडो लेंग्थचं डीफॉल्ट आहे १०१. हे तास नव्हेत, मिनिटंही नव्हेत, या नुसत्या नोंदी. टेसच्या आधीच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या ३० मिनिटांच्या नोंदींना १०१ म्हणजे ५० तास होतात, ते ठीकच. टेसच्या २ मिनिटांच्या नोंदींना तेच १०१ म्हणजे ३ तास २२ मिनिटं. आणि या ग्रहाचं अधिक्रमण (ताऱ्यासमोरून जाणं) चालतं जवळपास ३ तास! म्हणजे ताऱ्याची स्वतःची चढउतार काढता काढता कमांड ग्रहाचीच घट पुसून टाकते. साडीच्या सुरकुत्या काढताना निऱ्याही मोडाव्यात, तसं. कडांना दोन बारीक ओरखडे उरतात, बाकी साफ.

आकडा ९०१ केला (विषमच लागतो), म्हणजे खिडकी ३० तासांची झाली. आलेखाची घडी घालून, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवून पाहिलं, तर ६.२७ दिवसांवर घट जागच्या जागी उभी. त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना बोलावून तो आलेख दाखवला. हा तारा इतका दक्षिणेला आहे की साताऱ्याच्या क्षितिजावर तो कधी उगवतच नाही. ज्याला इथून कुणी पाहू शकत नाही, त्याच्यासमोरून जाणारा ग्रह शाहूपुरीतल्या खोलीत दिसला. याचं मला अजून अप्रूप आहे.

खर्चाचं. यवतेश्वरावर एकदा ढग बसले की सप्टेंबरअखेरपर्यंत आकाश विसरायचं. दुर्बीण घेऊन ती चार महिने माळ्यावर ठेवण्यापेक्षा हे शंभर पटींनी परवडलं. डेटा फुकट, पायथन फुकट, एका ताऱ्याच्या एका सेक्टरची २ मिनिटांची फाइल दोन-एक एमबीची. पूर्ण फ्रेमच्या प्रतिमा उतरवायच्या फंदात पडू नका, टेसकट या वेबसाधनाने हवे तेवढे पिक्सेल कापून घ्या. माझा जुना लॅपटॉप पुरतो.

२७ दिवसांच्या सेक्टरबद्दल सुरुवातीला मी फार कुरकुर केली होती. १५ दिवसांची फेरी असेल तर त्यात जेमतेम एकदोनदा घट दिसणार, त्यावरून काय ठरवायचं? आता मत बदललंय. मूळ मोहीम संपल्यावर टेस त्याच पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा आला आहे. आधीचे सेक्टर जोडून पाहिले की एकुलती घटही कामाला येते. दक्षिण क्रांतिध्रुवाजवळचे (पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला लंब दिशेचे) तारे तर वर्षभर सलग मिळतात. तिथूनच सुरुवात करा.

बीएलएसने १३-१४ दिवस सांगितले तर लगेच हुरळू नका. टेसची कक्षा १३.७ दिवसांची, त्याच तालावर डेटात खंड पडतो, पृथ्वी-चंद्राचा विखुरलेला प्रकाशही शिरतो. पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, केप्लरच्या ४ च्या मानाने अवाढव्य, त्यामुळे शेजारच्या ग्रहणकारी जोडताऱ्याचा प्रकाश तुमच्या ताऱ्यात मिसळतो. सम आणि विषम (एक सोडून एक येणाऱ्या) घटींची खोली वेगवेगळी निघाली की तो जोडतारा समजा, ग्रह विसरा. आणि हे सगळं पार केलं तरी हातात असतो फक्त उमेदवार. वस्तुमान मोजायला वर्णपटमापक लागतो. के२-२३६ बी हा ग्रह केप्लरच्या के२ मोहिमेत आधी असाच नुसता उमेदवार होता. २०१८ मध्ये माउंट अबूच्या पारस या वर्णपटमापकाने त्याचं वस्तुमान मोजलं, तेव्हा तो पक्का झाला.

पुन्हा त्या १०१ वर येतो, कारण बाकीच्या अडचणी आकाशाच्या आणि यंत्राच्या आहेत, ही एवढीच टाळता येण्यासारखी आहे. साधन बनवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की विंडो तासांत विचारा. अधिक्रमण किती तासांचं असेल याचा अंदाज नवख्यालाही करता येतो, नोंदींचा हिशेब तो करत बसत नाही. तोपर्यंत २ मिनिटांच्या डेटाला ९०१, १० मिनिटांच्याला १८१, असा कागद मी टेबलासमोर चिकटवला आहे. तुम्हीही चिकटवा.