घरी गाडी धुण्याचे सामान : सोलापुरात वर्षभर वापरून पाहिल्यावर

जुळे सोलापुरात आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि उजनीचे ते पाणी टाकीत जपून पिण्याला व स्वयंपाकाला पुरवावे लागते. त्यामुळे गाडीच्या वाट्याला बोअरचेच पाणी येणार, हे आमच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. गडद निळ्या रंगाची हॅचबॅक घेतली तेव्हा मी शाम्पू कोणता आणि वॅक्स कोणते एवढ्याच विचारात होतो. पाण्याचा विचार मनात आला तो पहिल्या एप्रिलमध्ये. सकाळी साडेनऊला गाडी धुतली, चहाला आत गेलो आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊन पाहतो तर बॉनेटवर जिथे जिथे थेंब होता तिथे तिथे पांढरे कडे उमटले होते. ते ओल्या फडक्याने निघाले नाही आणि पुन्हा शाम्पू लावून धुतल्यावरही जागचे हलले नाही. तेव्हापासून कोणतीही बाटली हातात घेतली की ती आमच्या पाण्याला आणि आमच्या उन्हाला चालेल का, हे मी आधी पाहतो. गेल्या वर्षभरात वापरलेल्या सामानाविषयी पुढे जे लिहिले आहे, ते याच कसोटीवर.

पहिली खरेदी टीडीएस मीटरची करावी असे माझे मत आहे, जरी गाडीच्या सामानाच्या दुकानात तो मिळत नाही आणि वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे मागावा लागतो. पेनाएवढे हे यंत्र पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजून विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देते. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि साधे मीठ किती हे कळत नाही, पण एका घरातल्या निरनिराळ्या पाण्यांची तुलना करायला ते पुरेसे आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या पदार्थांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. आमच्या बोअरचा आकडा अकराशेच्या पुढे निघाला. म्हणजे गाडीवर राहिलेला थेंब सुकला की त्यातला क्षार रंगावर बसणारच. मग शाम्पू कितीही महागाचा असो.

या आकड्याने एक घरगुती समजूतही मोडीत काढली. आमच्या गल्लीत बरेच जण प्युरिफायरच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुतात, आणि पाणी वाचवण्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. मात्र प्युरिफायर चांगल्या पाण्यातून काढलेला क्षार याच पाण्यात सोडतो, त्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षा अधिक जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते. चाके आणि मडगार्डच्या आतली बाजू यांसाठी ते खुशाल वापरावे. शेवटचे पाणी म्हणून गाडीवरून सोडू नये. शेवटच्या पाण्यासाठी मला फुकटात सापडलेली उत्तम वस्तू म्हणजे एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी. हवेतली वाफ थंड होऊन ते तयार होत असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आमच्या मीटरवर त्याचा आकडा वीसच्या आसपास आला. एसीच्या आतली धूळ त्यात येते म्हणून ते फडक्यातून गाळून घ्यावे लागते. अडचण एवढीच, की ज्या एप्रिल-मे महिन्यांत या पाण्याची सर्वांत जास्त गरज असते त्याच महिन्यांत सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत असते, आणि रात्रभर एसी चालूनही बादलीत जेमतेम तीन-चार लिटर जमते. हॅचबॅकच्या टपावरून आणि बॉनेटवरून झारीने शेवटचा हात फिरवायला तेवढे पुरते. मोठ्या गाडीवाल्यांना दोन रात्रींची साठवण करावी लागेल.

आधीच पडलेल्या डागांसाठी मी प्रथम शहरातल्या एका दुकानात गेलो. 'मालक, हे लावा, मिनिटात काचेगत होतंय,' असे म्हणून दुकानदाराने बिनलेबलची बाटली हातात ठेवली. झाकण उघडताच नाकाला झिणझिण्या आल्या, आणि त्यात काय आहे असे विचारल्यावर 'कंपनीचंच आहे' एवढेच उत्तर मिळाले. ती मी घेतली नाही आणि इतरांनीही घेऊ नये. काच साफ करण्याच्या काही तीव्र द्रावणांत फ्लुओराइड असलेले आम्ल असते; ते काचेला खाते आणि कातडीला लागले तर गंभीर इजा करते. घरातले पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, सावलीत थंड झालेल्या पत्र्यावर कापडाने मिनिटभर दाबून धरले आणि लगेच धुतले, तर ताजे डाग निघतात. माझे साधारण तीन चतुर्थांश डाग असे निघाले. उरलेले बोटाला खड्ड्यासारखे लागत नाहीत, पण तिरप्या उजेडात दिसतात. तिथे वरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट दुखावला गेला आहे, आणि त्यावर पॉलिशखेरीज इलाज नाही. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा थोडा काढून नेते, म्हणून ते उरलेले डाग मी तसेच राहू दिले आहेत.

आता कापडाविषयी, आणि इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ज्या गावच्या टेरी टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे त्या गावात गाडी पुसायला परप्रांतातले कापड विकत घेणे माझ्या मनाला पटत नव्हते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून घाऊक भावाने आणलेला, हाताला जाड आणि मऊ लागणारा सुती टॉवेल मी गाडीसाठी काढला. पहिला धडा असा, की कोरा टॉवेल पाणी शोषत नाही, नुसते पुढे ढकलतो. त्याच्यावर मऊपणासाठी केलेली प्रक्रिया तीन-चार धुण्यांनंतर उतरते. दुसरा धडा महाग पडला. टॉवेलचे लूप मऊ होते, पण दोन्ही टोकांची विणलेली पट्टी आणि दुमडून मारलेली शिलाई मऊ नव्हती. दोन महिन्यांनी पार्क चौकात दुपारच्या उन्हात गाडी उभी असताना डाव्या दारावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या आणि त्या कुठून आल्या हे लगेच लक्षात आले.

खात्री करून घेण्यासाठी घरातली एक जुनी सीडी काढली. तिच्या चकचकीत बाजूवर टॉवेलचा मधला भाग घासला, मग काठ घासला, मग मायक्रोफायबरचे कापड घासले. मधल्या भागाने पुसटशा रेषा पडल्या, काठाने स्पष्ट ओरखडे पडले आणि चांगल्या मायक्रोफायबरने काहीच झाले नाही. रस्त्यावर सिग्नलला विकतात त्या पिवळ्या कापडाने मात्र टॉवेलच्या काठाइतकेच ओरखडे पडले. ही परीक्षा कोणालाही पाच मिनिटांत घरी करता येते, आणि वेष्टनावरच्या कोणत्याही दाव्यापेक्षा मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन, हे सोलापूरकराला शिकवावे लागत नाही. तोच हिशेब इथेही चालतो. वॅक्स पुसून काढायला ३०० ते ४०० जीएसएमचे कापड पुरते आणि गाडी कोरडी करायला ६०० च्या वरचे मोठे कापड घ्यावे. पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांचे प्रमाण ८०:२० किंवा ७०:३० असे लिहिलेले असते. पॉलिअमाइड जास्त असलेले कापड पाणी अधिक ओढते. काठाला शिलाई नसलेले मिळाले तर उत्तम, आणि लेबल शिवलेले असेल तर ते आधी कापून टाकावे. मी सध्या वापरतो ते पीळ दिलेल्या लांब लूपचे कापड गाडीवर पसरून नुसते ओढून घेतले तरी पाणी उचलते, घासावे लागत नाही. धुताना एक पथ्य आहे: हे कापड सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नये, कारण सुताचे तंतू त्यात अडकून बसतात, आणि कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव त्याला लावू नये, नाहीतर ते पाणी शोषणे बंद करते. आमच्या घरी ही चूक एकदा झाली आणि चांगले कापड बाद झाले. सोलापुरी टॉवेल आजही गाडीच्या सामानात आहे. चाके, दारांच्या आतल्या कडा आणि डिकीची चौकट पुसायला त्याच्याइतके दमदार काही नाही.

शाम्पूच्या बाबतीत फार चिकित्सा करण्यासारखे मला काही आढळले नाही. थ्रीएम, मेग्वायर्स, वेव्हेक्स यांपैकी ज्यांचे शाम्पू मी वापरले ते सगळे मळ काढतात. जड पाण्यात फेस कमी होतो, पण फेस कमी म्हणून द्रव वाढवत जाऊ नये, कारण तो धुऊन काढायला पाणी जास्त लागते. भांड्यांचा साबण आधी लावलेले वॅक्स काढून टाकतो, म्हणून तो टाळावा. याहून महत्त्वाची वाटली ती रिन्सलेस वॉशची बाटली, जी आपल्याकडे अजून फारशी माहीत नाही. आठ लिटर पाण्यात साधारण तीस मिलिलिटर द्रव घातले की त्या एका बादलीत सगळी गाडी पुसून होते आणि नंतर पाणी मारावे लागत नाही. त्यातले पॉलिमर धुळीच्या कणांभोवती निसरडा थर तयार करतात, त्यामुळे कण रंगावर घासत नाहीत. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरासाठी यापेक्षा शहाणी वस्तू मी पाहिलेली नाही. आठ लिटर नळाचे पाणी गाडीला द्यायला घरचेही हरकत घेत नाहीत. मर्यादा अशी, की जुलै-ऑगस्टमध्ये शेताकडे जाऊन आलेल्या गाडीला काळी माती लागलेली असते तेव्हा ही पद्धत चालत नाही. ती माती चिकट असते, तिच्यात खडे असतात, आणि आधी जोराच्या पाण्याने ती पाडल्याशिवाय गाडीला हात लावणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखे आहे.

त्या कामासाठी घरगुती प्रेशर वॉशर उपयोगी पडतो. बोअरचे पाणी चालते, फक्त पाणी घेणाऱ्या नळीला गाळणी हवी. फोम गनवर, म्हणजे गाडीवर शाम्पूचा फेस फवारणाऱ्या पिचकारीवर, पैसे घालवू नयेत, तिचा उपयोग फोटोपुरता. त्याऐवजी दुसरी बादली आणि बादलीच्या तळाशी बसणारी जाळी घ्यावी: एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी, आणि हातमोज्यासारखा मिट प्रत्येक पत्र्यानंतर साध्या पाण्यात खळबळून काढायचा. पहिल्यांदा असे धुतल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशी चमचाभर वाळू निघाली, ती पूर्वी कुठे जात होती याचा विचार मी करू इच्छित नाही.

क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले बारीक कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, वर्षातून एकदा पुरे. धुतलेल्या गाडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे फिरवली आणि पत्रा खरखरीत लागला तरच तो काढावा, भरपूर ओलाव्यावर चालवावा आणि जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्यावा. चाकांवरच्या ब्रेकच्या लोखंडी कणांसाठी मिळणारे द्रव लोखंडाला लागले की जांभळे होते. काम चोख करते, पण त्याचा वास इतका घाण असतो की शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

वॅक्सबाबत माझे मत दुकानदारांच्या मताशी जुळत नाही. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून काढलेल्या कार्नाउबा मेणाची झळाळी गडद रंगावर खरोखर देखणी दिसते, आणि फॉर्म्युला वन या छापाच्या डबीतले मेण मी दिवाळीच्या आधी लावले तेव्हा ते मनासारखे उतरले. तेच मार्चच्या अखेरीस लावले तर मेच्या मध्यापर्यंत त्याचा मागमूस राहिला नाही. उन्हाळ्यासाठी मेणाऐवजी रंगावर संरक्षक थर देणारे कृत्रिम सीलंट बरे. माझ्या गाडीवर ते चार महिने टिकले. सिलिका असलेल्या स्प्रेंची जाहिरात पाण्याचे टपोरे मोती दाखवून केली जाते, आणि तिथेच आपल्याकडे घोटाळा होतो. मोती जितका टपोरा तितका त्यातला क्षार सुकताना एका जागी गोळा होतो, आणि डाग तितकाच घट्ट बसतो. जड पाणी वापरणाऱ्याने ज्याच्यावरून पाणी पडद्यासारखे एकसंध ओघळते असे सीलंट शोधावे. काहीही लावायचे तर सकाळी सातच्या आत किंवा सावलीत. पत्र्यावर तळहात ठेवून दहापर्यंत मोजता आले नाही तर बाटली उघडू नये.

टायरवर लावायचे चकचकीत सिलिकॉनचे द्रव मी एकदाच वापरले. विजापूर रोडवरून एक फेरी मारून आल्यावर टायरवर धुळीचा असा लेप बसला होता की ते तपकिरी रंगाचे वाटू लागले, आणि उरलेली बाटली तशीच पडून आहे. सर्वांत जास्त हाताळली जाते ती डिकीतली अर्ध्या लिटरची स्प्रेची बाटली, जिच्यात रिन्सलेस वॉशचेच थोडे दाट द्रावण आणि एसीचे पाणी असते. कार्यालयाजवळच्या कडुनिंबाखाली सावली मिळते, पण कावळेही असतात, आणि उन्हात वाळलेली विष्ठा तासाभरात रंगात उतरू लागते. तिच्यावर फवारा मारून ओले कापड दोन मिनिटे ठेवले की ती न घासता उचलली जाते. बाटली साधारण तीन आठवड्यांत संपते. मार्चमध्ये निंबाचा मोहर गळू लागला की दोन आठवड्यांत.