वाहक प्रथिनाला चमक द्यायची: जीएफपी की मॅलिमाइड रंग?
नांदेड-लातूरकडे एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी वाहक प्रथिन (पेशीच्या पडद्यातून पदार्थ आत-बाहेर नेणारं) घेणाऱ्यांनो, आधी ठरवा: ते पेशीत कुठे आहे हे बघायचंय, की हलतं कसं हे?

नुसतं ठिकाण हवं तर जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन. ते वाहकाला जोडूनच जनुकातून येतं, वेगळा रंग लागत नाही. पण ते 238 अमिनो आम्लांचं, आणि ई. कोलाय या जिवाणूचं लॅक्टोज-वाहक लॅक-वाय स्वतःच 417 चं. एवढं ओझं लादून बारीक हालचाल कशी कळणार?

तिथे फ्लुरोसीन मॅलिमाइड हा चमकणारा रंगच घ्या. जेमतेम 427 डाल्टनचा रेणू, सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला पक्का चिकटतो. मेहनत आहेच: लॅक-वायमधली मूळची आठही सिस्टीन बदलून हवी तिथे एकच ठेवायची. डीटीटी (सिस्टीन मोकळी ठेवायला घालतात ते गंधकवालं रसायन) आधी पूर्ण काढा, नाहीतर रंग त्यालाच चिकटतो. पीएच 7 च्या आसपास ठेवा, उजेड लागू नये म्हणून नळीला फॉइल गुंडाळा. साखर घातल्यावर ती जागा झाकली जाते की उघडी पडते, हे रंग किती वेगाने चिकटतो यावरून कळतं. माझ्या मते एवढ्यासाठी ही सगळी खटपट करावीच.