सीनियर फोटो: काळा ड्रेप, आपले कपडे की आजीची पैठणी?

अमेरिकेत मूल बारावीत जायचं झालं की उन्हाळ्यातच शाळेकडून निरोप येतो: सीनियर पोर्ट्रेटची वेळ घ्या. लेकीच्या वेळी तो आला आणि मी लगेच सहा ड्रेस आणि एक पैठणी पलंगावर मांडली. त्यातलं त्या दिवशी काहीच लागलं नाही. त्यामुळे कपाट उघडायच्या आधी शाळेचे नियम वाचा, आणि फोटोच्या चौकटीत डोक्याखालचं किती येणार ते विचारा.

हा फोटो इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या त्या वर्षाच्या फोटोंच्या पुस्तकासाठी. त्याच्या पानावर चौकोनच चौकोन असतात, प्रत्येकात डोकं आणि खांदे, बस. पुष्कळ शाळांनी एक स्टुडिओ ठरवलेला असतो, आणि तिथे मुलींना ड्रेप, मुलांना टक्स, म्हणजे बो-टायवाला काळा सूट. ड्रेप म्हणजे काळ्या मखमलीचा, पुढून व्ही गळ्याचा तुकडा, मागे चिमट्यांनी आवळलेला. समोरून राजकन्या, मागून उघडी पाठ आणि खाली जीन्स! आतल्या पट्ट्या खांद्यावरून खाली सारता येतील असंच काहीतरी घालून पाठवा, एवढीच तयारी. आजीला पुण्याला फोटो पाठवला तर तिचा पहिला प्रश्न, ‘काळं का? संक्रांत आहे का आज?’

ड्रेपची बाजू घ्यायची तर, सगळ्या मुली एकसारख्या दिसतात आणि कोणाचा ड्रेस किती डॉलरचा हे पानावर कळत नाही. वीस वर्षांनीही तो जुनाट वाटत नाही. पण मुलींना हे आणि मुलांना ते, ही वाटणी सगळ्यांना मानवत नाही. 2009 साली मिसिसिपीतल्या एका मुलीने टक्स घालून फोटो काढला, तर शाळेने तिचा फोटो इयरबुकमधून गाळला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2011 मधल्या तडजोडीत सगळ्यांनी पदवीदानाला घालतात तसा टोपी-गाऊन घालूनच फोटो काढायचा असं ठरलं. तुमच्या मुलाला किंवा मुलीला ठरवून दिलेला पोशाख नको असेल तर शाळेशी आधीच बोला, फोटोच्या दिवशी स्टुडिओत वाद नको.

शाळा आपले कपडे चालवत असेल तर या फोटोपुरतं फक्त गळ्याकडे बघा. साधा एकरंगी टॉप, चेहऱ्यापेक्षा शांत रंगाचा. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लहरल्यासारख्या दिसतात. भडक पोपटी किंवा नारिंगी रंगाची झाक हनुवटीखाली उतरते. पैठणी इथे अक्षरशः वाया जाते. काठ चौकटीबाहेर, पदरावरचे मोर चौकटीबाहेर, उरतात खांद्यावरच्या चार निऱ्या, आणि समोरून फ्लॅश पडला की जरीवर पांढरे डाग.

पैठणीची जागा बाहेरच्या फोटोंत, म्हणजे आपण वेगळा फोटोग्राफर लावून बागेत किंवा समुद्रावर काढतो त्यांत. उन्हं कलली की जरीवर जो उजेड येतो तो स्टुडिओत मिळत नाही. मात्र मागे काय आहे ते पाहून रंग घ्या. आमच्या न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या मध्यानंतर झाडं लाल-पिवळी होतात, त्यात मरून किंवा हळदी साडी हरवते, मोरपंखी उठून दिसते. जुलैत हिरवळीवर नेमकं उलटं, हिरवी साडी गवतात जाते. ब्लाउजचं बघायला महिना हाताशी ठेवा, आजीचा ब्लाउज सतरा वर्षांच्या मुलीला बसत नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर शिवून मिळतो, नाहीतर घरातला काळा टॉपही चालतो. टाचांचे बूट गवतात रुततात, कोल्हापुरी बरी.

जीन्स आणि स्वेटरची सोय साडीला नाही, हे मान्यच. मुलगी झाडाला टेकते, पायरीवर बसते, हसते. साडीत ती पहिली वीस मिनिटं पदरच सांभाळत असते. साडीची सवय नसेल आणि तिला स्वतःला हौस नसेल तर आग्रह करू नका, खणाचा कुर्ता किंवा स्कर्ट घ्या. त्यात चालता येतं, आणि खण पैठणीसारखा चमचमत नाही. दोन्ही हवं असेल तर साडी घरून नेसवून न्या आणि जीन्स नंतर. आम्ही उलट केलं. संध्याकाळचा उजेड साडीला मिळावा म्हणून ती शेवटी ठेवली, आणि पार्कच्या स्वच्छतागृहात, ओल्या फरशीवर, नऊ पिना लावून नेसवली. बाहेर आलो तेव्हा उन्हाची दहा मिनिटं उरली होती.

मुलांचं सोपं आहे. टक्स स्टुडिओ देतो, बाहेर इस्त्रीचा शर्ट किंवा कुर्ता, खेळाडू असेल तर लेटरमन जॅकेट, म्हणजे छातीवर शाळेचं अक्षर असलेलं. चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर बाहेरच्या फोटोंसाठी साध्या काचेचा जुना चष्मा शोधून ठेवा, मुलींनीही.

स्टुडिओची पॅकेजं महाग असतात. ड्रेपच्या फोटोचं आम्ही सगळ्यात लहान घेतलं, मैत्रिणींत वाटायला पाकिटात मावणाऱ्या आठ प्रती. भिंतीवर साडीवाला आहे, ओल्या काठासकट.