पाकिटावर चिंचिला, आत कुसळं

एप्रिलमधल्या एका रात्री आमच्या भुरीच्या हनुवटीखालची लोकर ओली दिसली. भुरी म्हणजे आमची चिंचिला, दाट लोकरीचा, कुरतडून खाणारा छोटा पाळीव प्राणी. पाण्याची बाटली गळली असेल म्हणून बोटाने पुसायला गेले, तर चिकट लागली. लाळ होती. चिंचिलाची लाळ गळते म्हणजे तोंडात काहीतरी बिघडलंय, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी डॉक्टरांकडे पोचायला मी पाच दिवस लावले. ज्याने मला तिचं खाणं विकलं होतं, त्याच माणसाने "थांबा ताई, होईल ठीक" म्हणत मला थांबवून ठेवलं आणि मी थांबले. तुमच्याकडे चिंचिला, गिनीपिग किंवा ससा असेल तर हे शेवटपर्यंत वाचा.

भुरी आणि राखी आमच्याकडे तीन वर्षं आहेत. आम्ही पुण्यात राहतो. दोघींची खोली उन्हाळाभर एसीवर असते, कारण पारा पंचवीसच्या वर गेला की या जिवाला धोका सुरू होतो. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथे थंडी, कोरडी हवा, खडक, आणि खायला चरबरीत गवत नाहीतर झुडपांचा पाला. त्याचं पोट त्याच रुक्ष चाऱ्यावर घडलेलं. तोंडात २० दात, आणि पुढच्या दातांसकट सगळ्या दाढाही जन्मभर वाढत राहतात. गवत तासन्‌तास दळलं तरच त्या झिजतात. शिवाय चिंचिलाला उलटी करता येत नाही, त्यामुळे नको ते एकदा गिळलं गेलं की ते पोटात घेऊनच त्याला बसावं लागतं.

म्हणून त्याचं खाणं बघायला अगदी कंटाळवाणं असतं. टिमोथीसारखं वाळलेलं गवत दिवसरात्र हवं तेवढं, गवताच्याच पिठाच्या हिरवट गोळ्या रोज एक-दोन चमचे, आणि ताजं पाणी. एवढंच. पण टिमोथी थंड प्रदेशातलं गवत. आपल्या बाजारात ते बाहेरच्या देशांतून पाकीटबंद येतं, महाग असतं आणि मधेच संपतं. ते संपलं की आपला जीव वरखाली होतो. माझी फसवणूक झाली ती नेमकी अशा वेळी.

ज्या दुकानदाराकडून मी माल घेत होते, त्याची पहिली दोन पाकिटं अस्सल होती. हे मुद्दाम सांगते, कारण "आधी थोडं घेऊन बघायचं" ही आपली नेहमीची खबरदारी अशा वेळी कामाला येत नाही. पहिली खरेदी खरी निघाली आणि माझा विश्वास बसला. मार्चमध्ये त्याचा व्हॉइस मेसेज आला: "ताई, कंटेनर बंदरावर अडकलाय. तीन महिने कुणाकडेच माल नसणार. तुमच्यापुरता बाजूला काढून ठेवलाय, पण आज पैसे टाका, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय." मी ७,२०० रुपये त्याच्या वैयक्तिक नंबरवर यूपीआयने पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, बिलात जीएसटी लागून महाग पडेल. मी बरं म्हटलं. चार किलो गवत आणि गोळ्यांची सहा पाकिटं घरी आली.

गोळ्यांची पाकिटं आधीच्यांपेक्षा वेगळी होती. चंदेरी पिशवी, वर टपोऱ्या डोळ्यांच्या चिंचिलाचा फोटो, सोनेरी अक्षरात 'प्रीमियम' आणि 'इम्पोर्टेड'. आत रंगीबेरंगी मिश्रण. पिवळट गोळ्या, सूर्यफुलाच्या बिया, बेदाणे, अर्धे शेंगदाणे, मक्याचा भरडा आणि लाल-हिरवे चौकोनी तुकडे. मी फोन केला, की हे आधीसारखं नाही. तो म्हणाला, "हे वरच्या दर्जाचं आहे ताई, यात फ्रूट आहे. तुमची बघा कशी तुटून पडतील." आणि खरंच तुटून पडल्या. भुरी तर डब्याचा आवाज आला की जाळीला लटकायची. प्राणी आवडीने खातोय हे बघून माणसाला किती बरं वाटतं, हे त्या दुकानदाराला पक्कं ठाऊक असणार.

आठवड्याभरात लेंड्या मऊ पडल्या. नेहमीच्या तांदळाच्या दाण्यासारख्या कोरड्या, कडक लेंड्यांऐवजी जाळीला चिकटणाऱ्या. मग भुरी गवत कमी खायला लागली. मग लाळ. मी दुकानदाराला विचारलं, तर त्याचं उत्तर तयार होतं: "खाणं बदललं की असं होतंच. आठ-दहा दिवस द्या." यात लबाडी अशी की पहिलं वाक्य खरं आहे. चिंचिलाचं खाणं एकदम बदलू नये, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावं, हे मीही वाचलं होतं. अर्धं खरं सांगितल्यामुळे उरलेलं अर्धं मला तपासावंसं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, उन्हाची बाधा असेल. खोलीत २२ अंश होते. चौथ्या दिवशी त्याने सुचवलं, लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप घरात असेल तर दोन थेंब द्या.

ते थेंब मी दिले नाहीत, कारण बाटलीची तारीख उलटून गेली होती. एवढ्या एका योगायोगावर भुरी वाचली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक चिंचिलाच्या तोंडावाटे गेलं तर आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी जाऊ शकतो. माणसांचं औषध या प्राण्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबभरही देऊ नका. कोणीही सांगितलं तरी नाही.

पाचव्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. महिन्यापूर्वी ५६० ग्रॅम होती, काट्यावर ४६५ दिसले. लोकर इतकी दाट असते की आतली हाडं वर आलेली नजरेला दिसतच नाहीत. हाताला लागली तेव्हा मला रडू कोसळलं.

अशा प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर शहरात मोजके आहेत. त्यांनी तिला थोडी भूल देऊन, कान तपासायच्या दिव्याने तोंडात आतवर पाहिलं. डाव्या बाजूला, दाढ आणि गालाच्या मधे, एक कुसळ आडवं रुतून बसलं होतं. भोवती सूज आणि पू. चिमट्याने काढून त्यांनी ते पांढऱ्या कापसावर ठेवलं. तपकिरी, टोकाला सुईसारखं, टोकाजवळ मागे वळलेले बारीक केस, आणि शेपटाला पीळ. कापूस ओला होता. आमच्या डोळ्यांदेखत त्या शेपटाचा पीळ हळूहळू सुटत गेला आणि कुसळ कापसात फिरलं. तोंडातल्या ओलाव्याने हेच होत असणार. मागे वळलेल्या केसांमुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. मग जीव खाणार कसा?

कुसळ घरी आणून सासूबाईंना दाखवलं. त्या माण तालुक्यातल्या. बघताच म्हणाल्या, "अगं, हे डोंगरचं कुसळी गवत. धोतराला, लुगड्याला टोचतं तेच. फुलोऱ्याच्या आधी कापलं तर गुरं खातात, कुसळ धरल्यावर कोण घालतं?" त्यांनी गवताची अख्खी थैली वर्तमानपत्रावर ओतली आणि निवडायला बसल्या, तांदूळ निवडतात तसं. तासाभरात वाटीभर कुसळं निघाली. टिमोथीचं कणीस मात्र एक नाही. खरं टिमोथी ओळखायला सोपं असतं. त्याचं कणीस म्हणजे बोटाएवढं, गोल, भरगच्च, जणू बाजरीचं छोटं कणीस. रंग फिकट हिरवा आणि वास गोडसर. आमच्या थैलीत वरचे चार मूठ तसं गवत पसरलेलं होतं, खाली सगळं माळावरचं पिवळं.

मग मी गोळ्यांकडे वळले. पाच गोळ्या वाटीत पाणी घालून भिजवल्या आणि चहाच्या गाळणीत ओतल्या. गाळणीत राहिला मक्याचा रवा आणि कोंडा. आधीच्या अस्सल पाकिटाच्या तळाशी थोड्या गोळ्या उरल्या होत्या, त्याही भिजवल्या. त्यांचा हिरवा लगदा झाला आणि त्यात गवताचे धागे स्पष्ट दिसत होते. हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. पहिल्याच दिवशी केला असता तर त्याच्या सगळ्याच मालाचा संशय आला असता आणि भुरीला त्या टेबलावर झोपावं लागलं नसतं. आणि ते लाल-हिरवे चौकोनी तुकडे, 'फ्रूट', ती आपण केकमध्ये घालतो ती टुटीफ्रुटी होती, कच्च्या पपईचे साखरेत मुरवलेले, रंगवलेले तुकडे. चिंचिलाच्या पोटात अशी साखर गेली की ती आंबते, वायू धरतो, पोट फुगतं. बिया आणि शेंगदाण्यातलं तेल यकृताला झेपत नाही. शेंगदाणे आणि मका दमट हवेत बुरशी धरतात, ते वेगळंच. त्या पिशवीला कुबट वास होताच. मी तो सुक्या फळांचा समजत होते.

शेवटी स्टिकर. चंदेरी पिशवीच्या मागे पॅकिंगचा महिना आणि किंमत लिहिलेला एक स्टिकर होता. त्याची कड जाड लागली म्हणून हेअर ड्रायरने गरम करून सोलला. खाली दुसरा स्टिकर, तसाच, फक्त महिना आदल्या वर्षीचा जून. आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, देश काहीच नाही. पाकीटबंद मालासाठीच्या वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं असावं लागतं. 'इम्पोर्टेड' लिहिलंय आणि कोणी आणलं ते लिहिलेलं नाही, तर ते पाकीट तिथेच परत द्या.

मी सगळे फोटो दुकानदाराला पाठवले. आधी तो म्हणाला, शंभर जणांना हाच माल दिलाय, एकाची तक्रार नाही. मग म्हणाला, तुमच्या प्राण्याचे दातच मुळात खराब असतील. मग नंबर ब्लॉक. त्या शंभरांपैकी दोघींना मी शोधून काढलं. एकीचा गिनीपिग महिन्यापूर्वी गेला होता आणि ती समजत होती की तिनेच काळजी घेण्यात हयगय केली. तिला फोनवर मी टुटीफ्रुटीबद्दल सांगितलं तेव्हा बराच वेळ ती काही बोललीच नाही. आपल्या हातून जीव गेला असं मानून ती एकटीच कुढत होती, हे मला माझ्या ७,२०० रुपयांपेक्षा जास्त लागलं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे, आणि स्टिकरवर स्टिकर लावल्याबद्दल वैध मापन शास्त्र विभागाला (वजन-मापं आणि पाकिटावरचा मजकूर तपासणारं सरकारी खातं) लेखी अर्ज दिला आहे. आम्ही तिघी मिळून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. बिल नसल्यामुळे आमची बाजू लंगडी आहे, पण यूपीआयची नोंद, व्हॉइस मेसेज आणि डॉक्टरांचा कागद आहे. तुम्ही मात्र बिल घ्याच. जीएसटीचे पैसे वाचवायला गेले आणि डॉक्टरांकडे त्याच्या कितीतरी पट गेले.

आता मी खाणं कसं घेते, तेही सांगते. दाणे, बिया, बेदाणे किंवा रंगीत काहीही मिसळलेलं पाकीट घरात येत नाही, त्यावर कुठल्याही प्राण्याचा फोटो असो. गोळी एकाच रंगाची, एकाच आकाराची हवी. मिश्रण असलं की प्राणी गोड तेवढं उचलतो आणि गोळ्या तशाच टाकतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं हवं, मक्याचं किंवा गव्हाचं नव्हे. तंतुमय भाग १८ टक्क्यांच्या पुढे आणि स्निग्धांश दोन ते पाच टक्क्यांत असलेली गोळी मी घेते. लसूणघास, म्हणजे अल्फाल्फाचा चारा, पौष्टिक असतो, पण पूर्ण वाढलेल्या चिंचिलाला त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त होतात, म्हणून तो फक्त कधीतरी चार काड्या. तीन महिन्यांचा साठा मी करत नाही. गोळ्यांमधली जीवनसत्त्वं ठेवून ठेवून कमी होतात आणि आपल्या पावसाळ्यात बुरशी लागायला आठवडाही पुरतो. गवत कापडी पिशवीत, जमिनीपासून वर. प्रत्येक नवी थैली आधी वर्तमानपत्रावर ओतायची, तळापर्यंत. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. दर रविवारी दोघींचं वजन आणि वहीत नोंद. दहा टक्के घट दिसली तर वाट बघायची नाही.

भुरीला सोळा दिवस सिरिंजने भरवावं लागलं, दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा. डॉक्टरांनी दिलेली गवताची पूड पाण्यात कालवून, एका वेळी थोडी, गालाच्या कडेने. पहिल्या दिवशी तिने तोंड फिरवलं. सहाव्या दिवशी सिरिंज दातात धरली. सतराव्या रात्री तिने स्वतःहून एक काडी उचलली, दोन्ही हातांत आडवी धरली आणि टोकापासून कुरतडत संपवली. त्या आवाजाने मी झोपेतून उठून बसले होते. गेल्या रविवारी ती ५३० ग्रॅम भरली. डावीकडची दाढ मात्र वेडीवाकडी झिजतेय, त्यामुळे दर दोन महिन्यांनी तपासणी करावी लागणार आहे.

त्या चंदेरी पिशव्यांपैकी तीन न उघडलेल्या मी पुरावा म्हणून ठेवल्या आहेत. तुमच्याकडे तशीच पिशवी असेल तर प्राण्याला घालू नका आणि फेकूही नका. मागच्या स्टिकरची कड नखाने चाचपून बघा. खाली दुसरा स्टिकर लागला तर सोलण्याआधी आणि सोलल्यानंतर असे दोन्ही फोटो काढा.